आवाज पोचतो, शब्द पोचत नाहीत: सप्ताहाच्या साउंडचा हिशेब

चैत्रातल्या सप्ताहाचा दुसरा दिवस. कीर्तन आटोपून घरी येताना सासूबाईंनी मला विचारलं, "महाराज शेवटी कुणाची गोष्ट सांगत होते गं?" त्या दोन तास तिथेच बसून होत्या. मान डोलवत होत्या, टाळ्या वाजवत होत्या, जयजयकारात हातही वर करत होत्या. मी म्हटलं, "आई, तुम्हाला ऐकू आलं नाही का?" त्या म्हणाल्या, "आवाज येतो की. नुसता आवाज येतो. शब्द कुठं येतात?"

त्यांचे कान वयामुळे थोडे कमी झाले असतील असं मला वाटलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. सभामंडपात बायकांची जागा डाव्या बाजूला, मागच्या खांबापासून भिंतीपर्यंत. तिथे बसल्यावर मलाही कळेना. महाराजांच्या बोलण्याची लय कळत होती, चढउतार कळत होता, पण वाक्यातले दोन शब्द हाती लागले की पुढचे चार निसटत होते. पुढे बसलेली पुरुषमंडळी हसली की आम्ही बायका मागाहून हसायचो. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं आणि त्याबद्दल कुणी कधी तक्रार केली नव्हती, कारण आवाज तर मोठ्ठा होता.

आमचं गाव सिन्नर तालुक्यातलं. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. साउंडच्या धंद्यातली नाही, पण ओहमचा नियम दरवर्षी फळ्यावर लिहिते, लॉगरिदम कॉलेजात शिकलेले आहे. सप्ताह संपल्यावर देवस्थानच्या बैठकीत नवीन मशीन घ्यायचं ठरत होतं. गावाकडे अ‍ॅम्प्लिफायरला मशीनच म्हणतात. होतं ते १६० वॅटचं, घ्यायचं होतं ५०० वॅटचं. मी अण्णांना, म्हणजे समितीच्या अध्यक्षांना, म्हटलं की मला थोडे दिवस द्या, मी हिशेब करून दाखवते. ते म्हणाले, "पुढच्या सप्ताहाला वर्ष आहे बाई, करा निवांत."

पहिला हिशेब त्याच रात्री झाला. आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. वॅट दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात, दहापट केले की १०. आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटायला ती १० डेसिबलची वाढ लागते. १६० वरून ५०० म्हणजे तीनपटीहून थोडं जास्त, त्याचे होतात जेमतेम ५ डेसिबल. म्हणजे एवढा खर्च करून आवाज "थोडा वाढला" असं वाटलं असतं, बस. शिवाय तो सगळीकडे सारखाच वाढला असता. पुढच्या रांगेला आधीच कानठळ्या बसत होत्या. तिथेही ५ वाढले असते.

दुसऱ्या रविवारी मी टेप, वही आणि मल्टिमीटर घेऊन मंडपात गेले. सप्ताहाला साउंड लावणारे दादाही आले. त्यांनी सुरुवातीला हात राखूनच बोलायला सुरुवात केली. त्यांच्या कामातली चूक काढायला मी आले आहे असं त्यांना वाटलं असावं. पण त्यांनीच मला मशीनची मागची पट्टी उघडून दाखवली आणि तिथून पुढचं सगळं काम आम्ही दोघांनी मिळून केलं. ते मला वहिनी म्हणत आणि मी त्यांना दादा.

मंडप आतून १८ मीटर लांब, १२ मीटर रुंद, ५ मीटर उंच. खाली फरशी, वर स्लॅब, भिंतींना गिलावा. चार कॉलम, म्हणजे उभ्या लांब डब्यांतले स्पीकर. दोन पुढे, महाराज उभे राहतात त्याच्या दोन्ही बाजूंना. दोन मधल्या खांबांवर, छताला टेकतील इतके वर आणि सरळ मागच्या भिंतीकडे तोंड करून. बाहेर शिखराजवळ दोन भोंगे आणि चौकात आणखी दोन.

आधी वायरिंग तपासलं. चारही कॉलम ८ ओहमचे आणि चारही एकमेकांना समांतर जोडलेले, मशीनच्या ४ ओहमच्या टर्मिनलवर. आठ ओहमचे दोन समांतर जोडले की ४ होतात, चार जोडले की २. मशीन ४ ओहमसाठी बनवलेलं, त्याच्या गळ्यात २ ओहमचा भार. ओहम कमी म्हणजे करंट जास्त. दादा म्हणाले, "दर सप्ताहात दोनतीनदा फ्यूज जातो, मशीनवर हात ठेववत नाही." त्याचं कारण इथे होतं. त्यांना हे जोडून असंच मिळालं होतं. आधी कुणीतरी दोनाचे चार कॉलम केले आणि हिशेब न करता तारा गुंडाळल्या.

मल्टिमीटर लावला तर २.१ ओहम दाखवले. इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण मी स्वतः तिच्यापाशी अडखळले. आठ ओहमच्या स्पीकरला मीटर लावला तर तो आठ दाखवत नाही, साधारण साडेसहाच्या आसपास दाखवतो. मीटर नुसत्या तारेच्या गुंडाळीचा रोध मोजतो. ८ हा आकडा आवाज चालू असतानाचा, आणि तोही स्वरागणिक बदलणारा. त्या मोजणीप्रमाणे चार कॉलमचे १.६ यायला हवे होते, आले २.१. जास्तीचा अर्धा ओहम कुठून आला? वायरमधून.

मधल्या दोन कॉलमना गेलेली वायर गाभाऱ्याला वळसा घालून ४० मीटर लांब गेली होती आणि होती ०.५ चौरस मिलिमीटरची, घंटीला लावतात तशी बारीक. तांब्याचा रोध दर मीटरला ०.०१७२ ओहम, भागिले जाडी. जायची ४० आणि यायची ४०, एकूण ८० मीटर. गुणाकार केला तर २.७५ ओहम. म्हणजे ४ ओहमच्या कॉलमच्या जोडीपुढे पावणेतीन ओहमची नुसती वायर उभी. ती फक्त मधल्या जोडीच्या वाटेत होती, म्हणून एकूण मोजणीत तिचा अर्धाच ओहम दिसला. हिशेबाने त्या दोन कॉलमना, वायर जाड असती तर मिळाली असती त्याच्या ३५ टक्के शक्ती मिळत होती. साडेचार डेसिबलची घट. बायकांच्या बाजूला आवाज पोचवायची जबाबदारी ज्यांच्यावर, तेच कॉलम उपाशी होते. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. इतकी वर्षं मागे बसलेल्या बायांना कुणी मुद्दाम वगळलं नव्हतं. एका बारीक वायरीने वगळलं होतं.

मग अंतरं. उघड्या जागी अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. आमच्या कॉलमच्या कागदावर लिहिलं होतं: १ वॅट दिल्यावर १ मीटरवर ९२ डेसिबल. पहिली रांग कॉलमपासून ३ मीटरवर, तिथे थेट येणारा आवाज साडेब्याऐंशी. शेवटची रांग १६ मीटरवर, तिथे ६८. फरक साडेचौदा डेसिबलचा. शक्तीच्या भाषेत हा फरक अठ्ठावीस पट होतो. मशीन कितीही मोठं आणा, हा फरक हलत नाही.

पण खरी अडचण वेगळीच होती आणि ती मला टाळी वाजवल्यावर कळली. रिकाम्या मंडपात मधोमध उभी राहून मी एक जोरात टाळी वाजवली आणि मोबाइलवर रेकॉर्ड केली. टाळी विरायला जवळपास पाच सेकंद लागले. पाच सेकंदांत माणूस दहाबारा शब्द बोलतो. पहिला शब्द विरायच्या आत अकरावा त्याच्यावर येऊन पडतो.

या घुमाऱ्याचं गणित वॉलेस सबाइन यांनी मांडलं. १८९५ साली हार्वर्डमध्ये फॉग संग्रहालयाचा एक व्याख्यान-कक्ष होता, त्यात वक्त्याचं बोलणं कळत नसे. घुमारा साडेपाच सेकंदांचा. हा तरुण प्राध्यापक रात्री शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, ऑर्गनचा स्वर सोडून तो विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा आणि सकाळच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायचा. त्यातून जे सूत्र निघालं ते आजही तसंच वापरतात: खोलीचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले खोलीतलं एकूण शोषण. शोषण म्हणजे आवाज गिळणारं क्षेत्रफळ. उघडी खिडकी आलेला सगळा आवाज बाहेर सोडते, म्हणून तिचा प्रत्येक चौरस मीटर पूर्ण धरायचा. गिलाव्याचा फक्त दोन टक्के, गुळगुळीत फरशीचा एक टक्का.

आमचं घनफळ १०८० घनमीटर. दारं-खिडक्या उघड्या धरून २० चौरस मीटर. भिंती, स्लॅब, फरशी सगळं मिळून १२. एकूण ३२. उत्तर आलं ५.४ सेकंद. माझ्या टाळीशी बऱ्यापैकी जुळलं. आणि मग मी त्यात माणसं घातली. बसलेला एक माणूस, कपड्यांसकट, साधारण ०.४५ चौरस मीटर आवाज गिळतो. दोनशे माणसांचे झाले ९०. एकूण शोषण १२२, घुमारा १.४ सेकंद. माणसंच त्या मंडपाच्या गाद्या आहेत. दादांनी लगेच ओळखलं, "म्हणूनच दुपारी रिकाम्या मंडपात टेस्टिंग करतो तेव्हा एको कमी करत बसतो आणि रात्री सगळं पुन्हा करावं लागतं." त्यांनी वीस वर्षांत हे अनुभवलं होतं, माझ्याकडे त्याचा आकडा होता. आणि साठच माणसं आली, पावसाने किंवा लग्नतिथीने, तर घुमारा २.९ सेकंदांवर जातो. गर्दी कमी असेल त्या दिवशी सासूबाईंना आणखीच कमी कळायचं, हे त्या पूर्वीही सांगायच्या. मी कधी मनावर घेतलं नव्हतं.

घुमणाऱ्या जागेत कॉलमपासून ठरावीक अंतरापर्यंतच थेट आवाज वरचढ असतो. त्यापुढे भिंतींवरून उलटून आलेला आवाज वरचढ होतो. भरल्या मंडपात आमच्या एका कॉलमसाठी ते अंतर साडेचार मीटरच्या आत येत होतं. सोळा मीटरवर बसलेल्या बाईला महाराज ऐकूच येत नव्हते, भिंती ऐकू येत होत्या. आणि आवाज वाढवला की थेट आवाज वाढतो तितकाच घुमाराही वाढतो, दोघांचं गुणोत्तर तेच राहतं. हे मी समितीला समजावलं तेव्हा अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे आपण इतकी वर्षं गोंधळच मोठा करत होतो."

आकड्यांवर सगळ्यांचा विश्वास बसेना, तेव्हा मी एक साधी परीक्षा घेतली. नववीच्या मुलांना मंडपात वेगवेगळ्या ठिकाणी बसवलं, कोरे कागद दिले. मी माइकवरून एकेक शब्द वाचत गेले: ताट, वाट, लाट, घाट, पाट. टाळ, माळ, काळ, जाळ. मराठीत असे शब्द ढिगाने आहेत, ज्यांत फक्त पहिलं व्यंजन बदलतं. स्वरात ताकद असते, तो घुमतो आणि लांबवर पोचतो. व्यंजन क्षणभराचं, बारीक, वरच्या पट्टीतलं. ते मागच्या शब्दाच्या शेपटीखाली दबून जातं. पुढच्या मुलांचे शब्द जवळजवळ सगळे बरोबर आले. मागच्या भिंतीपाशी बसलेल्यांचे निम्मे चुकले. 'टाळ'चा 'काळ' झाला होता, 'घाट'चा 'वाट'. स्वर एकाचाही चुकला नव्हता. ते कागद मी बैठकीत फिरवले. त्यानंतर ५०० वॅटच्या मशीनचं नाव कुणी काढलं नाही.

आता करायचं काय, तर आवाज माणसांजवळ न्यायचा. दोन्ही बाजूंच्या खांबांवर तीन-तीन, असे सहा कॉलम. मधली रांगसुद्धा कुठल्या ना कुठल्या कॉलमपासून सहा मीटरच्या आत. उंची ३ मीटर. बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून ८० सेंटिमीटरवर. म्हणजे सहा मीटरमध्ये २.२ मीटर खाली उतरायचं, कोन साधारण २० अंशांचा. कॉलमचा आवाज आडवा पसरतो पण उभा फारसा पसरत नाही, त्यामुळे हा कोन फार महत्त्वाचा. जुने दोन कॉलम बायकांच्या डोक्यावरून सरळ मागच्या भिंतीला ऐकवत होते आणि भिंत ते परत फेकत होती. दादांनी लाकडाच्या पाचरी करून प्रत्येक कॉलम वाकवला. माझ्याकडे कोनमापक होतं, शाळेतलं, फळ्यावर वापरायचं मोठं.

किती वॅट लागतील? १ वॅटला ५ मीटरवर ७८ डेसिबल. भरल्या मंडपात माणसांची कुजबुज, पंखे, पोरांची रडारड धरून मोबाइलवर साठीच्या आसपास दिसत होतं. बोलणं त्याच्या पंधरावीस डेसिबल वर असलं की पुरतं. म्हणजे सरासरीला प्रत्येक कॉलमला एक वॅट पुरे. एक वॅट! हा आकडा मी तीनदा तपासला. बोलण्यात मध्येच जोर येतो, त्यासाठी १२ डेसिबलची मोकळीक ठेवायची, म्हणजे सोळापट. तर १५ वॅटचा कॉलम. सहा कॉलमचे ९० वॅट. आमचं जुनं १६० वॅटचं मशीन पुरून उरत होतं.

जोडणीसाठी सोपा मार्ग होता: दोन-दोन कॉलम एकामागे एक जोडून १६ ओहम करायचे आणि त्या जोड्या समांतर. चाराचे बरोबर ८ होतात. पण एक कॉलम बंद पडला की त्याचा जोडीदारही मुका होतो, आणि सहा कॉलमना ती विभागणी नीट बसत नाही. शिवाय लांब वायरीचा प्रश्न तसाच. मशीनच्या मागच्या पट्टीवर '१०० व्होल्ट' असं एक टर्मिनल होतं, वीस वर्षांत कुणी हात न लावलेलं. त्याचा उपयोग असा: प्रत्येक कॉलमला एक छोटा ट्रान्सफॉर्मर लावायचा आणि त्यावर हव्या त्या वॅटची तार निवडायची. मग ओहमची चिंता सोडायची, नुसते वॅट मिळवत जायचे. १०० चा वर्ग भागिले वॅट म्हणजे ओहम. १५ वॅटचा कॉलम ६६७ ओहमचा दिसतो. सहा मिळून १११. मशीनला १६० वॅटसाठी साडेबासष्टपेक्षा खाली चालत नाही, आपण बरेच वर.

आणि वायर? दीड चौरस मिलिमीटरची ४० मीटर टाकली, जाऊन-येऊन ०.९ ओहम. एका बाजूच्या तीन कॉलमचा भार २२२ ओहम. दोनशे बावीसपुढे एक ओहम काहीच नाही, व्होल्टेजची घट अर्धा टक्कासुद्धा नाही. महावितरण गावाबाहेरून जास्त दाबाने वीज आणून डीपीवर उतरवतं, तीच युक्ती. हे मी तसंच समजावलं आणि गावातल्या वायरमनला एका वाक्यात पटलं. एवढंच जपायचं की १०० व्होल्टची लाइन हाताला झटका देते. उघडे जॉइंट नकोत, टेप गुंडाळून भागत नाही, प्रत्येक जोड डबीत. आणि खालचे स्वर मशीनवर कापायचे. १०० हर्ट्झच्या खाली हे छोटे ट्रान्सफॉर्मर दमतात, आणि बोलण्याला तिथलं काही लागतही नाही.

मग उत्साहाने तिघाचौघांनी सुचवलं, सहाऐवजी दहा लावू. इथे मात्र मी अडून बसले. प्रत्येक कॉलम आपल्या समोरच्यांना शब्द देतो आणि बाकी सगळ्यांना घुमारा देतो. माणसापासूनचं अंतर पुरेसं कमी झालं की थांबायचं. त्या पैशांत मागच्या भिंतीला जाड सुती पडदे घ्या म्हटलं. ६० चौरस मीटरची भिंत, निम्मा आवाज गिळला तरी ३० चौरस मीटर शोषण, म्हणजे सहासष्ट माणसं आणून बसवल्यासारखं. गर्दी नसलेल्या दिवशी २.९ चा घुमारा २ सेकंदांच्या आत येतो. पडदे महिला मंडळाने शिवले.

भोंग्यांचा विषय सर्वांत अवघड. तिथे गणित सोपं होतं, माणसं अवघड होती. चौकातला भोंगा मंदिरापासून ७० मीटरवर. चैत्रातल्या संध्याकाळी हवेत आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो. वायरीतून वीज लगेच पोचते, हवेतून आवाज एक पंचमांश सेकंद उशिरा. त्यामुळे चौकात उभ्या माणसाला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू यायचा, आणि मंदिराजवळच्या गल्लीतही उलट बाजूने तेच. तीस-चाळीस सहस्रांश सेकंदांपर्यंतचा फरक कान एकाच आवाजात मिसळून घेतो, दोनशे नाही. मंडपातल्या शेजारच्या दोन कॉलममध्ये फार तर सहा मीटरचा फरक, सतरा सहस्रांश, तिथे काही बिघडत नाही.

आणि कायदा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक नाही, इतर वेळी लावायचा तर लेखी परवानगी, आणि जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलहून जास्त किंवा ७५, यांतलं जे कमी असेल त्याच्या वर जायचा नाही. राहत्या वस्तीची दिवसाची मर्यादा ५५, म्हणजे आम्हाला ६५. आमच्या भोंग्याला १ वॅटला १०५ डेसिबल, ३० वॅट दिल्यावर १२०. मंदिराची हद्द २० मीटरवर, तिथे २६ उतरले तरी ९४. एकोणतीस डेसिबल जास्त. नियमात बसवायचं तर भोंग्याला वॅटचा पंचविसावा भागच देता येतो. तेवढ्यासाठी भोंगा लावायचाच कशाला?

अण्णांना हे लागलं. "गावाला कीर्तन ऐकू जायला पाहिजे," ते म्हणाले. भोंगा त्यांच्या वडिलांच्या वेळचा होता. मी वाद घातला नाही. फक्त सांगितलं की चौकाजवळ एक बाळंतीण आहे, तिसऱ्या घरात दहावीचा मुलगा आहे, आणि तिथवर शब्द पोचतच नाहीत, तुम्ही स्वतः चौकात उभं राहून ऐका. ते दुसऱ्या दिवशी गेले, दादांनी भोंग्यावर प्रवचनाचं रेकॉर्डिंग लावलं. अण्णा परत आले ते भोंगे उतरवायचं सांगायलाच. त्यांच्या जागी पटांगणात बसणाऱ्यांसाठी मंडपाच्या बाहेरच्या भिंतीवर दोन कॉलम, खाली तोंड केलेले, साडेसात वॅटच्या तारेवर. हद्दीवर ६३ येतात. एकूण भार १०५ वॅट. पहाटेचा काकडा आता मशीनशिवाय होतो. पंचवीस-तीस माणसं, मोकळा गळा आणि टाळ. त्याला खरं तर कधी मशीन लागतच नव्हतं.

माइकचा हिशेब अगदी शेवटी आला आणि सगळ्यांत जास्त फळला. स्टेजवर सात माइक उघडे असायचे: महाराजांचा, पेटीचा, मृदंगाचा, गायकांचे दोन, टाळकऱ्यांचे दोन. उघडे माइक दुप्पट झाले की मशीनने शिट्टी मारायच्या आत मिळणारा आवाज ३ डेसिबलने कमी होतो. सात माइकचे साडेआठ गेले. वीस टाळकरी टाळ वाजवतात तेव्हा त्यांना माइक कशाला हवा? ते दोन काढलेच. निरूपण चालू असताना महाराजांचा, पेटीचा आणि एका गायकाचा, एवढे तीनच उघडे ठेवायचे, चाल सुरू झाली की बाकीचे. त्यात पावणेचार डेसिबल परत मिळाले. आणि महाराजांच्या ओठांपासून माइक ६० सेंटिमीटरवर होता तो ३० वर आणला की आणखी ६. पैसा न खर्चता जवळजवळ दहा डेसिबल, म्हणजे दहापट मोठं मशीन घेतल्यासारखं. महाराजांना ही विनंती करायला दादा कचरत होते. मी केली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दोन तास माइक सोडून हलले नाहीत.

यंदाच्या सप्ताहाला पहिल्या दिवशी मी मशीनपाशी बसले होते. हात मशीनवर ठेवून पाहिला, ते कोमट होतं. आवाज इतका कमी वाटत होता की पुढच्या रांगेतले दोघेतिघे दादांकडे वळून "वाढवा, वाढवा" अशा खुणा करत होते. दादांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, त्यांनी बटणाला हात लावला नाही. दहा मिनिटांनी खुणा थांबल्या. महाराजांनी एक विनोद केला आणि मागून, बायकांच्या बाजूने, पुरुषांच्या बरोबरीने हसू आलं. मी मुद्दाम मागे वळून पाहिलं.

चौथ्या दिवशी सासूबाई घरी आल्यावर म्हणाल्या, "सगळं कळतंय गं. पण मी टेकून बसते त्या खांबावरचा डबा फार ओरडतो माझ्या डोक्यावर. त्याला जरा गप्प कर." दुसऱ्या दिवशी दुपारी दादांनी शिडी लावली. त्या एका कॉलमची तार १५ वरून साडेसातवर घेतली. तीन डेसिबल. बाकीच्या कशालाही हात लावावा लागला नाही. वहीत मी तेवढाच बदल लिहिला: डावीकडचा तिसरा, ७.५ वॅट, एकूण भार ९७.५.